घाबरणारे इक्बाल सर

इक्बाल सरांच्या क्लासमध्ये चपला काढायच्या नाहीत, असा नियम होता. नांदेडात बाकी कुठल्याही कंप्युटर क्लासला गेलात तर दाराबाहेर चपलांचा ढीग दिसायचा. इथं उलटं. कुणी सवयीनं काढल्याच तर सर स्वतः सांगायचे, "घाला बेटा, घाला. अनवाणी बसू नका." पिशव्या, दप्तरं दोन रांगांच्या मधल्या वाटेत ठेवायची नाहीत. दार लावायचं नाही, मे महिन्यात कूलर चालू असला तरी नाही. आम्ही नवीन पोरं एकमेकांकडं बघून हसायचो.

मी तेव्हा विष्णुपुरीला इंजिनिअरिंगला होते, सिव्हिलला. मुदखेडहून सकाळच्या गाडीनं यायचे, आधी सरांचा क्लास करायचे आणि मग कॉलेज. आपण आखलेलं घर बांधायच्या आधी कसं दिसेल, उजेड कुठून येईल, सावली कुठं पडेल, याची हुबेहूब चित्रं कंप्युटरवर बनवायला सर शिकवतात, असं कुणीतरी सांगितलं होतं.

जुन्या मोंढ्याकडं त्यांच्या मामूंचं काच-आरशांचं दुकान होतं. दुकानामागं अंगण. अंगणाच्या एका बाजूला मामूंचं दोन मजली स्लॅबचं घर आणि दुसऱ्या बाजूला पत्र्याचं शेड. मामूंनी भाच्याच्या क्लाससाठी वरच्या मजल्यावर चांगला हॉल बांधून दिला होता, फरशी, पंखे, सगळं. सरांनी तो घेतला नाही. क्लास पत्र्याच्या शेडमध्ये चालायचा. वर पत्रा तापायचा, आत मशीन तापायच्या. मामू दुकानातून काच कापता कापता ओरडायचे, "अरे इक्बाल, पोरं भाजून राहिलीत रे!" सर म्हणायचे, "भाजू द्या मामू. पत्रा हाय, तेच बरं हाय."

सर दिसायला साधे होते. उंच, जरा वाकलेले, शर्टाच्या बाह्या दुमडलेल्या. त्यांच्या टेबलावर मॉनिटरच्या शेजारी पाण्याचा एक काचेचा ग्लास असायचा, काठोकाठ भरलेला. ते त्यातलं पाणी कधी प्यायचे नाहीत. शिकवता शिकवता मध्येच त्यांची नजर ग्लासाकडं जायची. रस्त्यावरून ट्रक गेला की पाण्यावर बारीक रेघा उठायच्या, आणि त्या विरेपर्यंत सर बोलायचे थांबायचे. मग अर्ध्यावर सोडलेलं वाक्य तिथून उचलायचे.

ते सुरुवातीला जे सॉफ्टवेअर शिकवायचे त्यात माऊसनं काही ओढायचं नसायचं. लिहायचं असायचं. कॅमेरा कुठं आहे, कुणीकडं बघतोय, जमीन केवढी, जमिनीवर गोळा कुठं, तो कशाचा, काचेचा की मातीचा. मी पहिल्या दिवशी सगळं नीट लिहिलं आणि बटण दाबलं. पडद्यावर वरून खाली एकेक ओळ उमटत गेली. सगळ्या काळ्या. शेवटी पूर्ण पडदा काळा.

"सर, माझं बंद पडलं."

ते माझ्या पाठीमागं येऊन उभे राहिले. "बंद पडलं न्हाई. बरोबर चालून राहिलं. जमीन केली, गोळा ठेवला, कॅमेरा लावला. दिवा कुठंय?"

मी दिवा लिहिलाच नव्हता.

"मग दिसंल कसं?" ते म्हणाले. "हे बघ. खऱ्या दुनियेत उजेड दिव्यातून निघतो, वस्तूवर आपटतो अन् आपल्या डोळ्यात येतो. इथं उलटं हाय. इथं आपल्या डोळ्यातून किरण सोडायचा. तो जातो, कशावर तरी आपटतो, वळतो, पुन्हा जातो. दिवा सापडला तर त्या जागी रंग. न्हाई सापडला तर काळं."

"आणि किती वेळा आपटायचं त्यानं?"

"ते आपण ठरवायचं. लई लवकर थांबवलं तर जिथं खरं तर उजेड पोचला असता, तिथंबी अंधार राहतो."

हे सगळं ते माझ्याशी बोलत होते, पण बघत होते उघड्या दारातून अंगणात. पुढं माझ्या लक्षात आलं की कुणाचंही चित्र काळं आलं की सर पडद्याकडं पाठ करून समजावतात. त्यांच्या स्वतःच्या प्रत्येक कामात कॅमेऱ्याच्या मागं एक लहानसा दिवा ठेवलेला असायचा. बाकीचे सगळे दिवे चुकले तरी काहीतरी दिसावं एवढाच. काम पूर्ण झालं की सगळ्यात शेवटी ते तो काढायचे, आणि काढताना त्यांना मजा वाटत नसायची हे चेहऱ्यावरून कळायचं.

शिकवण्यात मात्र त्यांना तोड नव्हती. एखाद्याची खुर्ची जमिनीवर ठेवलेली असूनही हवेत लोंबकळल्यासारखी दिसायची. सर म्हणायचे, "सावली दे तिला. सावलीनं वस्तू जमिनीला टेकते." चित्रावर रवा सांडल्यासारखे दाणे आले की म्हणायचे, "घाई केलीस. किरण कमी सोडलेस. मशीनला वेळ दे, तू तोवर चहा पिऊन ये." कुणी चुकलं म्हणून घाबरलं तर ओरडायचे नाहीत. एवढंच म्हणायचे, "भ्या वाटतंय का? मग सांगावं. गिळू नये."

दुसऱ्या वर्षी सरांनी मला कामात मदतीला घेतलं. लातूरच्या एका बिल्डरचं काम आलं होतं, मोठी इमारत, खाली तळघरात पार्किंग. बिल्डर म्हणाला, प्रत्यक्ष बघा, मापं घ्या, मग चित्रं करा. आम्ही नांदेडहून एसटीनं लातूरला गेलो. साइटवर बिल्डर आणि त्याचा सुपरवायझर थांबले होते. तळघराचा उतार अंधारात गेलेला, आतून ओल्या सिमेंटचा वास येत होता. बिल्डर पुढं झाला, मी मागून निघाले. सात-आठ पावलं गेल्यावर कळलं की सर आलेच नाहीत.

ते उताराच्या तोंडाशी उभे होते. एक हात भिंतीला लावलेला. कपाळावरून घाम खाली येत होता आणि ओठ पांढरे पडले होते. आधी वाटलं, उन्हाचा त्रास झाला.

"या की सर," बिल्डरनं आतून हाक मारली. "लाइट हाय खाली."

"मी येत न्हाई," सर म्हणाले. "ही मापं घेईल. हिला सगळं जमतं."

बिल्डर परत वर आला. जाडजूड, हसऱ्या चेहऱ्याचा माणूस होता. म्हणाला, "सर, कंप्युटरवर बिल्डिंगी बांधता अन् खऱ्या बिल्डिंगला घाबरता का काय?"

सुपरवायझर हसला. आता सर काहीतरी बहाणा करतील, असं मला वाटलं. गुडघा दुखतोय, चक्कर येतीय, असं काहीतरी.

"हाव," सर म्हणाले. "घाबरतो."

एवढंच. बिल्डर पुन्हा उताराकडं वळला. मी खाली गेले, मापं घेतली. वर आले तेव्हा सर रस्त्याच्या पलीकडं मोकळ्या प्लॉटमध्ये उभे होते आणि पाणी पीत होते.

परतीच्या बसमध्ये ते ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसले. अहमदपूर मागं पडल्यावर आपणहून बोलायला लागले. विचारायची मला हिंमत झाली नसती.

त्यांचं गाव किल्लारीच्या बाजूला. भूकंप झाला तेव्हा ते दहा-अकरा वर्षांचे होते. घर दगड-मातीचं, वर जाड मातीचं माळवद. त्याच रात्री गावात गणपती बुडवले होते. मिरवणुकीत नाचून नाचून हे घरी आले, आणि आईनं हाक मारली तरी हात-पाय न धुता लोखंडी पलंगाखाली थंड फरशीवर आडवे झाले. त्या पलंगानं वरचं दगडाचं वजन थोडंफार अडवलं. आई, वडील आणि मोठी बहीण त्याच खोलीत होते.

"जाग आली तर काहीच दिसंना," सर सांगत होते. आवाज अगदी साधा. "आधी वाटलं, डोळे मिटलेले हायत. हातानं चाचपून बघितलं. डोळे उघडेच होते. तोंडात माती. हाका मारायचं सुचलंच न्हाई. भीतीनं नुस्ता गप्प पडलो. किती वेळ, ठाऊक न्हाई. मग कुठूनतरी उजेडाची एक बारीक रेघ आली. माझ्या हातावर पडली. मला लई बरं वाटलं. वर माणसं चालून राहिली होती, बोलून राहिली होती, मला ऐकू येत होतं. तरी मी ओरडलो न्हाई. रेघ होती ना. मी तिच्याकडंच बघत राहिलो."

बसमध्ये कुणाचं तरी लेकरू रडत होतं.

"मग ती रेघ सरकायला लागली. हातावरून बोटावर गेली, बोटावरून दगडावर. अन् गेली. पुन्हा काळं. तेव्हा मी जो ओरडलो, जो ओरडलो वैशाली, माझा घसा फाटला. ते वर ऐकू गेलं. उजेड होता तवा मी गप्प होतो. उजेड गेला म्हणून ओरडलो, म्हणून वाचलो." ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "लोक म्हणतात भीती वाईट. मला तिनंच काढलं बाहेर. मी तिला काय म्हणून नावं ठेवू?"

आई, वडील, बहीण यांच्याबद्दल ते आणखी काही बोलले नाहीत. मामू नांदेडहून आले आणि भाच्याला घेऊन गेले. तेव्हापासून सर स्लॅबखाली झोपले नाहीत. लग्न झालं तरी नाही. नसीमाभाभी घरात आणि सर शेडमध्ये खाटेवर, असं पहिलं वर्ष गेलं. मग एक दिवस भाभीच आपली गादी घेऊन शेडमध्ये आल्या. हे मला भाभींनीच सांगितलं, हसत हसत.

नांदेडकडं जमीन हलायला लागली ती लातूरच्या त्या फेरीनंतर. बारीक धक्के. कधी हिंगोलीकडून बातमी यायची, कधी आमच्याकडं भांडी वाजायची. लोक व्हॉट्सअॅपवर एकमेकांना विचारायचे, तुमच्याकडं जाणवलं का. सर या गप्पांत कधी पडायचे नाहीत. फक्त त्यांच्या टेबलावर आता दोन ग्लास आले होते.

त्या दिवशी सकाळची बॅच नुकती सुरू झाली होती. सर काचेतून किरण कसा वाकतो ते फळ्यावर काढून दाखवत होते. आधी आवाज आला. लांबून अवजड गाडी यावी तसा, पण रस्त्यावरून नाही, पायाखालून. मग समोर दुकानातल्या सगळ्या काचा एकदम थरथरायला लागल्या. तो आवाज मी कधी विसरणार नाही. शेकडो काचा, एकमेकींना चिकटून, दात वाजावेत तशा. टेबलावरचं पाणी सांडलं. मी जागची हलले नाही.

"बाहेर!" सर ओरडले. असा आवाज त्यांच्या गळ्यातून आम्ही कधी ऐकला नव्हता. "सोडा सगळं! बाहेर! अंगणात!"

आम्ही पळालो. वाटेत एकही पिशवी नव्हती, दार उघडं होतं, पायात चपला होत्या. दुकानातली एक मोठी काच खाली येऊन फुटली आणि तिचे तुकडे अंगणापर्यंत उडाले. मी त्यावरूनच पळाले. मामू बनियनवर दुकानातून अंगणात येऊन उभे होते, भाभी लेकीला छातीशी धरून अंगणाच्या मधोमध. हलणं थांबलं होतं. सगळे कुजबुजत होते, जणू मोठ्यानं बोललं तर पुन्हा सुरू होईल.

सर सगळ्यांच्या तोंडांकडं बघत होते. एकेकाकडं. मग म्हणाले, "प्रतीक्षा कुठंय?"

प्रतीक्षा इस्लापूरची पोरगी होती. नांदेडला मावशीकडं राहून शिकायची. शेडला बाथरूम नव्हतं, म्हणून मुली मामूंच्या घरात वरच्या मजल्यावर जायच्या. ती तिथंच गेली होती.

कुणीतरी वर हाक मारली. उत्तर आलं नाही. मामू जिन्याकडं निघाले तर सरांनी त्यांना हातानं मागं सारलं. "तुमचे गुडघे, मामू." आणि ते जिन्याच्या दारात जाऊन उभे राहिले. तो जिना दोन्ही बाजूंनी बंद होता, वर अंधार. लातूरला तळघरापाशी बघितला होता तोच चेहरा मला पुन्हा दिसला. मला वाटलं, हे जाणार नाहीत. खरं सांगायचं तर आमच्यापैकी कुणीच गेलं नसतं. पुन्हा धक्का येतो, हे सगळ्यांना माहीत होतं.

ते आत गेले. भिंतीला दोन्ही हात लावून, एकेक पायरी. आणि चढता चढता मोठ्यानं बोलत होते. अंगणात आम्हाला एकेक शब्द ऐकू येत होता. "प्रतीक्षा! मी येऊन राहिलो! मला लई भ्या वाटून राहिलं, पण मी येऊन राहिलो! तू तिथंच थांब!" आवाज रडका होता. लहान पोरासारखा.

वर काय झालं ते प्रतीक्षानं नंतर सांगितलं. ती आत कोपऱ्यात बसून राहिली होती, अंग लाकूड झालं होतं, तोंडातून आवाज फुटत नव्हता. सर दाराबाहेर खाली बसले. दार तोडायच्या भानगडीत पडले नाहीत. म्हणाले, "बेटा, मी दाराला पाठ लावून बसलोय. तुला भ्या वाटून राहिलं का?" तिनं बऱ्याच वेळानं कसंबसं हूं केलं. "मलाबी. माझे तर हात बघ कसे उडून राहिलेत. आता आपण दोघं मिळून ती कडी काढू. तू हात लाव, मी हितून मोजतो." ते मोजत राहिले, चुकले, पुन्हा पहिल्यापासून मोजले. शेवटी कडी निघाली.

दोघं खाली आले तेव्हा तिनं सरांचा शर्ट मुठीत धरला होता. उन्हात आल्यावर आम्हाला दिसलं. सरांची पँट पुढून पायापर्यंत ओली झाली होती.

अंगणात दहा-बारा पोरं-पोरी होती. कुणी हसलं नाही. कुणी नजरही वळवली नाही, कारण सर स्वतःच आमच्याकडं सरळ बघत होते. "घाबरलो होतो," ते म्हणाले. "धुऊन येतो. तुम्ही कुणी आत जाऊ नका. नसीमा, पोरीला पाणी दे, साखर घालून." ते मागच्या नळाकडं गेले. भाभींनी ओढणीच्या टोकानं डोळे पुसले आणि स्वयंपाकघरात न जाता मामूंच्या दुकानातून पाण्याचं भांडं आणलं.

घराला एक चीर तेवढी गेली होती. दुसऱ्या दिवशीच्या पेपरात धक्क्याची बातमी दोन ओळींची होती.

पुढं मला लातूरला नोकरी लागली, एका आर्किटेक्टकडं. इमारतींची चित्रंच करते. सरांना अधूनमधून फोन व्हायचा. एकदा म्हणाले, डोकं दुखतंय बरेच दिवस, माऊस हातातून सुटतो. मग एक दिवस भाभींचा फोन आला, की लातूरला आलोय भावाकडं, मोठ्या डॉक्टरनं डोक्याचा फोटो काढायला सांगितलाय, एमआरआय, तू येशील का, हे ऐकत नाहीत.

मी सेंटरवर पोचले तेव्हा सर आतल्या खोलीच्या दारात उभे होते आणि समोरच्या मशीनकडं बघत होते. पांढरी, गोल, मधे माणूस मावेल एवढंच भोक. टेक्निशियन तरुण होता, चांगला होता. त्यानं सरांच्या हातात रबरी चेंडू दिला. "काका, आत कसंतरी झालं की हे दाबायचं. मी लगेच बाहेर काढतो."

"लगेच म्हणजे?"

"लगेच."

"लाइट गेली तर?"

"तरी काढतो. हातानं ओढून काढतो."

सरांनी माझ्याकडं बघितलं, मग भाभींकडं. "मला न्हाई जमणार," ते म्हणाले. टेक्निशियननं विचार केला आणि भाभींना बांगड्या, कानातलं काढून आत यायला सांगितलं. भाभींनी सगळं काढून माझ्या हातात ठेवलं. काचेपलीकडून मला दिसत होतं. सर आडवे झाले, फळी आत सरकली, आणि बाहेर फक्त त्यांचे पाय राहिले. भाभी दोन्ही हातांनी त्यांचे घोटे धरून उभ्या होत्या. मशीन ठोकल्यासारखा आवाज करायला लागली. त्यांनी दोनदा चेंडू दाबला, दोनदा त्यांना बाहेर काढलं. तिसऱ्यांदा ते पूर्ण वेळ आत राहिले.

बाहेर आल्यावर त्यांनी पाणी मागितलं नाही. चष्मा मागितला. टेक्निशियनच्या पडद्यावर चित्रं येत होती, डोक्याचे एकामागून एक काप. सर त्याच्या खुर्चीमागं जाऊन वाकून उभे राहिले, आमच्या मागं उभे राहायचे तसेच.

"हे सरळ किरणांचं न्हाई," ते म्हणाले.

"नाही काका, चुंबकाचं असतं."

"मागं घे जरा. आणखी एक. थांब." त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं. "वैशाली, हे बघ. डावं अन् उजवं सारखं न्हाई."

मला दिसलं होतं. मी म्हणाले, "मला यातलं कळत नाही, सर."

"मलाबी न्हाई," ते म्हणाले. "पण सारखं न्हाई."

टेक्निशियन पडद्याकडंच बघत राहिला. "डॉक्टर सांगतील, काका."

डॉक्टरांनी जे सांगितलं ते नंतरचं. ऑपरेशनपर्यंत गोष्ट गेलीच नाही, आणि पावसाळा संपता संपता सर गेले. मला नांदेडला जाता आलं ते माती झाल्यावर. म्हणून त्या दुपारीच मी त्यांना शेवटचं बघितलं.

सेंटरच्या बाहेर रसाची गाडी होती. सरांनी आम्हाला रस पाजला, बिनबर्फाचा. स्वतःचा ग्लास त्यांनी दोन्ही हातांनी धरून रिकामा केला. मी रिक्षा थांबवली. सर आत बसले. भाभी बाहेरच थांबल्या होत्या, बांगड्या परत घालत होत्या, पण त्यांना एक बांगडी काही केल्या हातात चढवता येईना.

सर थोडा वेळ ते बघत राहिले. मग त्यांनी विचारलं, "नसीमा, तू घाबरली का?"

भाभींनी मान हलवली. "हाव."

"मग अशी लांब कशाला उभी राहिली? ये. माझ्याजवळ बस."

भाभी आत जाऊन त्यांना चिकटून बसल्या. सरांनी त्यांच्या हातातली बांगडी घेतली आणि मान खाली घालून ती हळूहळू त्यांच्या मनगटावर चढवायला लागले. रिक्षात अजून एकाची जागा होती. ड्रायव्हरनं माझ्याकडं बघितलं. मी त्याला हातानंच सांगितलं, निघा.